महाभारताचे चिकित्सक डॉ. सुखठणकर

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात औंध नावाचे गाव आहे. गावाजवळच्या डोंगरावर यमाईचे देऊळ असून दूरवरच्या गावांतून लोक तिच्या दर्शनास येतात. सन १९४८ पर्यंत हे गाव एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. आज सातारा व सांगली या जिल्ह्यांत मोडणाऱ्या निरनिराळ्या गावांत त्या संस्थानचा मुलूख विखुरलेला होता. मुलूख थोडा आणि उत्पन्नही बेताचे. परंतु १९०९ साली गादीवर आलेले तेथील राजे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव मात्र महाराष्ट्रभर दुमदुमत असे. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी हौसेने केला. हातात चिपळ्या घेऊन ते कीर्तनाला उभे राहत, तेव्हा समोरच्या श्रोत्यांना आपण राजाचे प्रजाजन आहोत याचा विसर पडत असे. रामायणातील प्रसंगांची चित्रे त्यांनी काढली होती, आणि महाभारताविषयी त्यांना विलक्षण ओढ होती.

सन १९१७ मध्ये पुण्यास थोर प्राच्यपंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या नावाने एक संशोधनसंस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९१८ च्या जुलै महिन्यात, या संस्थेने महाभारताची शुद्ध, चिकित्सक व सचित्र आवृत्ती काढावी अशी इच्छा बाळासाहेबांनी बोलून दाखविली आणि त्यासाठी एक लक्ष रुपये देण्याचे वचन दिले. औंधासारख्या संस्थानाच्या मानाने ही देणगी फार मोठी होती. १ एप्रिल १९१९ रोजी एक्याऐंशी वर्षांच्या वृद्ध भांडारकरांच्या हस्ते या कार्याचा आरंभ झाला. औंधच्या राजाने बोलून दाखविलेला हा संकल्प ज्यांनी आपल्या बुद्धीच्या बळावर सिद्धीच्या मार्गाला लावला, त्या डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांचे हे चरित्र आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. महाभारत हा ग्रंथ त्या काळी दुर्मिळ होता काय? मुळीच नाही. मुंबई व कलकत्ता येथे त्याच्या छापील प्रती निघाल्या होत्या. गावोगावच्या देवळांत पुराणिक महाभारत सांगत असत. सतराव्या शतकात काशीमध्ये राहून नीलकंठ चतुर्धर या पंडिताने महाभारतावर टीका लिहिली होती. त्याचे घराणे मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे, म्हणजे आपल्याच प्रांतातले. त्याने स्वीकारलेला पाठ उत्तर हिंदुस्थानात व महाराष्ट्रात सर्वमान्य झाला होता. खुद्द औंधातही पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी आपल्या स्वाध्याय मंडळातर्फे हिंदी भाषांतरासह महाभारत छापून प्रसिद्ध केले. मग आणखी एक महाभारत कशाला हवे होते?

कारण असे की, छापील महाभारतांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. उत्तरेकडील प्रतींत जे श्लोक होते त्यांतील कित्येक दक्षिणेकडील प्रतींत नव्हते, आणि दक्षिणेकडे तर कित्येक कथा अशा होत्या की उत्तरेच्या वाचकाने त्या कधी ऐकल्याही नव्हत्या. हे का घडले ते समजणे कठीण नाही. छापखाने येण्यापूर्वी ग्रंथ हाताने उतरून घ्यावा लागे. काश्मीरात भूर्जपत्रावर, केरळात ताडपत्रावर, इतरत्र कागदावर लेखक बोरूने अथवा लोखंडी लेखणीने तो लिहून काढीत. एखादे अक्षर लागले नाही म्हणजे लेखक तर्काने दुसरे लिही. एखादी ओळ नजरेतून सुटे. समासात कोणी वाचकाने आपल्या आवडीचा श्लोक टिपून ठेवलेला असला, तर पुढचा लेखक तो मूळ ग्रंथाचाच समजून आत घाली. पुराणिकाला एखादी रसाळ कथा ठाऊक असली तर तीही ग्रंथात शिरे. यात लबाडी नव्हती. उलट महाभारतावरील प्रेमामुळेच हे सारे घडत आले. परंतु शेकडो वर्षे असे होत गेल्यावर मूळचा ग्रंथ कोणता आणि मागाहून भर पडलेली कोणती, हे कोणालाच निश्चयाने सांगता येईना.

हे शोधून काढण्याच्या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात. साहित्याच्या समीक्षेची ती पहिली पायरी होय. टीका हा शब्द उच्चारला की आपल्याला निंदा आठवते. एखाद्याने दोष दाखविला म्हणजे तो टीका करतो असे आपण म्हणतो. संस्कृतात मात्र टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणारे विवरण. मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली, तेव्हापासून ग्रंथाचे गुणदोष पारखून सांगण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली. परंतु कवीची कृती चांगली की वाईट हे सांगण्याच्या आधी ती कृती नेमकी कोणती, कवीचे शब्द कोणते आणि दुसऱ्यांनी त्याच्या पदरी बांधलेले कोणते, हे ठरवावे लागते. न्यायाधीश निकाल देण्यापूर्वी पुरावा तपासतो, तसेच हे आहे.

सुखठणकरांचा जन्म ४ मे १८८७ रोजी झाला. मुंबईस शिक्षण घेऊन ते इंग्लंडला केंब्रिज येथे गेले. तेथे त्यांनी कोणता विषय घेतला असेल? संस्कृत नव्हे, तर गणित! पुढे त्यांचे मन प्राचीन भारतीय विद्येकडे वळले, आणि ते जर्मनीत बर्लिन विद्यापीठात हाइन्रिख ल्यूडर्स या जगद्विख्यात संस्कृतज्ञांपाशी शिकू लागले. शाकटायन नावाच्या प्राचीन वैयाकरणाच्या व्याकरणावर त्यांनी प्रबंध लिहून डॉक्टर ही पदवी मिळविली. गणिताचा अभ्यास वाया गेला असे मात्र समजू नये. पुराव्यावाचून एक पाऊलही पुढे टाकायचे नाही, आणि पुरावा एकदा मिळाला की तो नेईल तेथे जायला कचरायचे नाही, ही त्यांची शिस्त मला गणिताच्या अभ्यासातूनच आलेली वाटते.

ल्यूडर्सांच्या हाताखाली शिकत असताना सुखठणकरांच्या पुढील आयुष्याचा धागा जणू नकळत विणला जात होता. कारण महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचा विचार युरोपातही चालू होता. विंटरनिट्झ या पंडिताने १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत त्याची आवश्यकता प्रतिपादिली होती, आणि १९०८ साली ल्यूडर्स यांनी अशा आवृत्तीचा एक छोटा नमुनाही छापला होता. परंतु १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि ती योजना तेथेच थांबली. जे काम बर्लिनमध्ये गुरूच्या हातून अपुरे राहिले, तेच पुण्यात शिष्याच्या हाती यावयाचे होते.

हिंदुस्थानात परतल्यावर सुखठणकरांनी पुराणवस्तुसंशोधन खात्यात नोकरी केली. ताम्रपट आणि शिलालेख वाचणे हे त्यांचे काम. झिजलेल्या दगडावरील अर्धवट अक्षर कोणते असावे, हे ठरविण्याचा सराव त्यांना तेथे झाला. याच सुमारास भासाच्या नाटकांविषयी मोठा वाद माजला होता. त्रावणकोरात गणपतिशास्त्री यांना तेरा जुनी संस्कृत नाटके सापडली होती, आणि ती कालिदासानेही ज्याचा आदराने उल्लेख केला त्या भासाची आहेत, असे शास्त्रीबुवांचे म्हणणे होते. कोणी ते मान्य करीत, कोणी साफ नाकारीत. सुखठणकरांनी या वादात आवाज चढविला नाही. त्यांनी नाटकांतील प्राकृत भाषा तपासली, वृत्ते मोजली, आणि चारुदत्त हे अपुरे नाटक शूद्रकाच्या मृच्छकटिकाशी वाक्यावाक्याने ताडून पाहिले. चारुदत्तात त्या कथेचे जुने रूप पुष्कळ अंशी टिकून आहे, असे त्यांना आढळले. जेथे पुरावा अपुरा वाटला तेथे त्यांनी निर्णय राखून ठेवला. स्वप्नवासवदत्त या नाटकाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतरही केले.

इकडे पुण्यात महाभारताचे काम चालू झाले होते. नारायण बापूजी उतगीकर यांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती १९२३ साली प्रसिद्ध करून ती विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठविली. तिच्यामुळे काम किती अवघड आहे हे सर्वांच्या लक्षात आले. १९२५ साली डॉ. भांडारकर निवर्तले, आणि त्याच वर्षी सुखठणकर या कार्याचे प्रमुख संपादक झाले. तेव्हा त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते.

त्यांनी कामाची जी पद्धत घालून दिली ती पाहण्यासारखी आहे. नुसत्या आदिपर्वाच्याच २३५ पोथ्यांची नोंद करण्यात आली. त्यांपैकी १०७ देवनागरी लिपीत, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ, २८ तेलुगू व २६ मलयाळम लिपीत होत्या. नेपाळी पाच आणि काश्मीरच्या शारदा लिपीतील अवघ्या तीन. मैथिली, कानडी आणि नंदिनागरी यांची प्रत्येकी एक. शारदा पोथ्यांतील एक भूर्जपत्रांची, जीर्ण व अपुरी पोथी ब्यूलर नावाच्या पंडिताने पूर्वी काश्मीरातून खरेदी करून आणली होती. तिला सुखठणकर फार मोलाची मानीत. बंगाली पोथ्या ताडण्याचे काम रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात झाले. दक्षिणेकडील पोथ्यांचे काम तंजावरास सरस्वती महाल ग्रंथालयात चाले. हे ग्रंथालय तंजावरच्या भोसले राजांनी नावारूपास आणलेले आहे, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये.

पोथ्या ताडून पाहणे म्हणजे काय? एका मोठ्या आखलेल्या कागदाच्या माथ्यावर छापील प्रतीतील एक श्लोक ठळकपणे, अक्षर अक्षर सुटे करून लिहावयाचा. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ राखलेली असे. पोथीत जेथे वेगळे अक्षर आढळेल तेथे ते बरोबर मूळ अक्षराच्या खाली लिहावयाचे. उजव्या हातास रुंद समास असे. त्यात पोथीतील खाडाखोड, कडेला लिहिलेली भर आणि जास्तीचे श्लोक टिपले जात. असा एका श्लोकाला एक कागद! आदिपर्वात हजारो श्लोक आहेत, आणि अशी अठरा पर्वे. शास्त्री व पदवीधर यांचा एक वर्ग दिवसचे दिवस खाली मान घालून हे काम करीत असे. ज्यांनी हे कागद भरले त्यांपैकी पुष्कळांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, पण त्यांचा वाटा कमी नव्हता.

कागद भरल्यावर खरी कसोटी लागे. साठ पोथ्यांत एका शब्दाचे आठ निरनिराळे पाठ मिळाले तर त्यांतून कोणता निवडावा? जास्तीत जास्त पोथ्यांत जो आढळेल तो, असे उत्तर आपण सहज देऊ. पण ते चूक ठरेल. वर्गात निबंध तपासताना पाच वह्यांत एकच विचित्र चूक आढळली, तर शिक्षक काय समजतात? पाचही मुलांनी एकाच वहीतून उतरून घेतले असे समजतात. म्हणजे त्या पाच वह्यांची साक्ष मिळून एकाच वहीची साक्ष झाली. पोथ्यांचेही तसेच आहे. शंभर देवनागरी पोथ्या एकमेकींवरून उतरलेल्या असतील, तर त्यांची संख्या पाहून भुलून चालत नाही. याउलट काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी घ्या. मध्ये शेकडो कोसांचे अंतर. लिपी एकाची दुसऱ्याला वाचता येत नाही. देवाणघेवाणीचा संभव अगदी थोडा. अशा दोन पोथ्या जेथे अक्षरशः जुळतात, तेथे तो पाठ दोघींच्याही पूर्वीचा, जुन्या मुळातून आलेला असला पाहिजे. सुखठणकरांच्या निवाड्याचा हा मुख्य आधार होता.

हा नियम ऐकावयास सोपा आहे, पण तो पाळताना मन घट्ट करावे लागते. महाभारत सांगताना व्यासांनी गणपतीला लेखक नेमले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. मी थांबणार नाही, अशी अट गणपतीने घातली. अर्थ समजल्यावाचून लिहू नये, अशी अट व्यासांनी घातली. किती गोड कथा! महाराष्ट्रात तर गणपतीशिवाय कशाचाही आरंभ होत नाही. परंतु अनेक जुन्या व विश्वसनीय पोथ्यांत ती नाही, असे आढळून आले. सुखठणकरांनी ती मूळ संहितेतून काढली.

दुसरे उदाहरण द्रौपदीच्या स्वयंवराचे. कर्ण धनुष्य उचलण्यास पुढे झाला, तेव्हा आपण सूतपुत्राला वरणार नाही असे द्रौपदीने भर सभेत सांगितले, हा प्रसंग नाटकांतून, कीर्तनांतून आणि कादंबऱ्यांतून आपल्या मनावर कायमचा कोरला गेला आहे. कर्णाचा अपमान आणि त्याचा पुढचा सारा द्वेष यांचे मूळ अनेकजण या प्रसंगात शोधतात. संशोधित आवृत्तीच्या मूळ संहितेत द्रौपदीचे हे वाक्य नाही. कर्ण, शल्य यांच्यासारख्या बलाढ्य राजांनाही ते धनुष्य वाकविता आले नाही, असा उल्लेख मात्र तेथे जमलेल्या ब्राह्मणांच्या तोंडी आहे. म्हणजे जुन्या कथेप्रमाणे कर्णाला कोणी अडविले नव्हते. ते धनुष्य त्याला पेलले नव्हते. एक वाक्य बाजूला होताच द्रौपदी आणि कर्ण या दोघांकडेही आपण निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. पाठचिकित्सा म्हणजे काना-मात्रांची रुक्ष उठाठेव, असे ज्यांना वाटते त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

श्रद्धाळू वाचकांना हे रुचणे कठीण होते. व्यासांच्या ग्रंथाला हात लावण्याचा अधिकार यांना कोणी दिला, हा प्रश्न मनात उभा राहणे स्वाभाविकच आहे. सुखठणकरांनी त्याला आपल्या कृतीने उत्तर दिले. बाजूला काढलेली एकही ओळ त्यांनी फेकून दिली नाही. लहान भर असेल तर ती त्याच पृष्ठाच्या तळाशी, मोठी असेल तर परिशिष्टात छापली. कोणती ओळ कोणत्या पोथीत आहे व कोणत्या पोथीत नाही, तेही लिहिले. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. जो पाठ त्यांनी निवडला पण ज्याविषयी त्यांची पुरती खात्री नव्हती, त्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. जेथे कोणत्याही पोथीतील पाठ न घेता स्वतःच्या तर्काने शब्द दुरुस्त केला, तेथे त्यांनी तारका घातली. वाचकाला न्यायाधीशाच्या आसनावर बसवून त्याच्यापुढे सारा पुरावा मांडावा, असा हा प्रकार होता. ज्याला त्यांचा निर्णय पटणार नाही, त्याला त्याच पृष्ठावरील पुराव्यावरून दुसरा निर्णय देता येतो.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ साली बाहेर पडला आणि १९३३ साली सबंध पर्व पुरे झाले. त्यासोबत सुखठणकरांनी इंग्रजीत शंभराहून अधिक पृष्ठांची प्रस्तावना लिहिली. पोथ्यांची घराणी, त्यांचे परस्परसंबंध आणि पाठ निवडण्याचे नियम तिच्यात इतक्या स्वच्छ रीतीने सांगितले आहेत की, जुन्या ग्रंथांचे संपादन करू इच्छिणारे विद्यार्थी ती अद्यापही अभ्यासतात. ज्या औंधच्या राजांनी या कार्याला चालना दिली, त्यांच्याच कुंचल्यातून उतरलेली चित्रे या आवृत्तीत आहेत. एका बाजूस अक्षरांच्या वादाने भरलेल्या तळटीपा आणि दुसऱ्या बाजूस रंगीत चित्रे, असा हा संगम विद्वानांच्या ग्रंथात क्वचितच दृष्टीस पडतो.

विंटरनिट्झ यांनी या आवृत्तीचा मुक्तकंठाने गौरव केला. परंतु सर्वांचे मत तसे नव्हते. सिल्वाँ लेव्ही हे फ्रान्समधील फार मोठे पंडित. त्यांना ही पद्धतच मान्य नव्हती. हरपलेला मूळ ग्रंथ पुन्हा उभा करण्याचा खटाटोप सोडून द्यावा, नीलकंठाचा प्रचलित पाठ जसाच्या तसा छापावा आणि इतर पोथ्यांतील भेद खाली नोंदवावेत, असे त्यांनी सुचविले. लेव्हींचा अधिकार मोठा होता, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते. कारण आपण शोधलेला पाठ चुकीचा निघाला तर एवढ्या परिश्रमांचे मोल काय? सुखठणकरांनी हा आक्षेप आपल्या प्रस्तावनेत आदराने नोंदविला आणि त्याला मुद्देसूद उत्तर दिले. नीलकंठाचा पाठ अर्वाचीन असून त्यात सर्व बाजूंनी भर पडलेली आहे. तो सोयीचा आहे म्हणून प्रमाण मानता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. व्यासांच्या मुखातून निघालेले शब्दच आपण शोधून काढले आहेत, असा दावा मात्र त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या साहाय्याने जितके मागे जाता येते तितके आपण गेलो आहोत, एवढेच त्यांनी सांगितले.

वाद शब्दांनी मिटला नसता, पण आता एक अपूर्व घटना घडली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्या संग्रहातील आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उजेडात आली. तोपर्यंत मिळालेल्या सर्व पोथ्यांहून ती जुनी होती. सुखठणकरांनी संपादन करताना ती पाहिलेली नव्हती. आता त्यांच्या तर्काची परीक्षा होणार होती, आणि परीक्षक कोणाला भीड घालणारा नव्हता.

त्यांनी केलेल्या दुरुस्त्या कशा प्रकारच्या होत्या, ते येथे सांगितले पाहिजे. जुन्या सूतांच्या पठणात दोन स्वर शेजारी शेजारी आले तरी चालत असे. पुढच्या काळातील व्याकरणप्रिय लेखकांना ते खटके. मग ते मध्ये च, तु, हि यांसारखे एखादे अक्षर घालून तो सांधा बुजवीत. एकाने च घातला, दुसऱ्याने तु, तिसऱ्याने शब्दच बदलला. पोथ्यांतील असा गोंधळ पाहून सुखठणकरांनी ताडले की, या सर्व डागडुजीखाली मूळचे दोन उघडे स्वर असले पाहिजेत. आणि त्यांनी तारका घालून तसा पाठ छापला. आता नेपाळच्या पोथीत पाहतात तो त्यांपैकी कित्येक ठिकाणी अगदी त्यांनी कल्पिलेलाच पाठ शाईने लिहिलेला! गणिती ज्योतिषी आकाशात अमुक जागी ग्रह असावा असे आकडेमोडीने सांगतो आणि मागाहून दुर्बिणीतून तो ग्रह दिसतो, त्यातलाच हा प्रकार. १९३८ च्या सुमारास या पोथीवर लेख लिहून, तिच्याशी कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, हे दोन्ही त्यांनी जगापुढे मांडले.

नुसते अक्षरांचे जाणकार असते तर ते येथेच थांबले असते. पण अक्षरे ताडता ताडता त्यांना मोठे प्रश्न सुचत गेले. महाभारताची कथा भरतवंशाची. मग परशुराम, च्यवन, और्व अशा भृगुकुलातील ऋषींच्या कथा तीत जागोजागी का येतात, आणि परशुरामाच्या पराक्रमाची पुनरुक्ती इतक्या वेळा का होते? १९३६ साली लिहिलेल्या एका दीर्घ निबंधात त्यांनी त्या सर्व कथा एकत्र केल्या, आणि कोणे एके काळी हा ग्रंथ भृगुवंशीयांच्या हाती वाढला असावा, असे अनुमान काढले. ते अनुमान सर्वांनी मान्य केलेले नाही. त्यावर अजूनही लिहिले जाते. परंतु प्रश्न विचारण्याची अशी रीत त्यांच्यापूर्वी कोणी दाखविली नव्हती.

काम वाढत गेले तसा पैसाही लागू लागला. मुंबई सरकार, विद्यापीठे, हैदराबादचे निजाम आणि इतर संस्थाने यांनी मदत केली. निरनिराळी पर्वे निरनिराळ्या पंडितांकडे सोपविण्यात आली. विराटपर्व रघुवीर यांनी, उद्योगपर्व बंगालचे सुशीलकुमार दे यांनी, सभापर्व अमेरिकेचे फ्रँक्लिन एजर्टन यांनी संपादिले. पण नियम सर्वांना सुखठणकरांचेच. स्वतः त्यांनी आरण्यकपर्व हाती घेतले आणि १९४२ साली ते पुरे केले. आदि आणि आरण्यक ही दोन्ही विस्तीर्ण पर्वे एकट्या माणसाने सतरा वर्षांत तडीस न्यावीत, आणि शिवाय इतरांच्या कामावर देखरेख करावी, याचे आश्चर्य वाटते.

इतकी वर्षे महाभारताचे तुकडे तुकडे तपासणाऱ्या या माणसाने अखेरीस सबंध ग्रंथाकडे दृष्टी वळविली. महाभारताचा अर्थ काय, या विषयावर त्यांनी मुंबईस चार व्याख्याने देण्याचे कबूल केले. काही पाश्चात्त्य पंडितांनी महाभारताला निरनिराळ्या काळच्या मजकुराचा ओबडधोबड ढीग ठरविले होते. सुखठणकरांना ते मान्य नव्हते. भाऊबंदांच्या युद्धाची कथा, धर्म आणि अधर्म यांचा झगडा, आणि माणसाच्या अंतःकरणात चाललेला संग्राम अशा तीन पातळ्यांवर हा ग्रंथ वाचता येतो, असे त्यांनी विशद केले. ज्याने सर्वांत जास्त श्लोक बाजूला काढले, त्यानेच ग्रंथाची एकात्मता सर्वांत ठामपणे सांगावी, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत लक्षणीय वाटते. तीन व्याख्याने झाली. चौथे होण्यापूर्वीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, अकस्मात त्यांचे निधन झाले. वय छप्पन्नही पूर्ण झाले नव्हते. ही व्याख्याने १९५७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

त्यांच्यामागे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले. औंध संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९५१ साली वारले. अठरा पर्वांचे काम १९६६ साली पुरे झाले, तेव्हा आरंभाच्या वेळची बहुतेक मंडळी हयात नव्हती. एकंदर एकोणीस खंड झाले. औंधास बाळासाहेबांनी उभारलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे आणि तेथे चित्रे पाहावयास आजही लोक जातात. पुण्याच्या संस्थेत महाभारताचे खंड ओळीने मांडलेले आहेत. त्यांतील पहिला खंड उघडून परिशिष्टे काढली, तर अगदी पहिल्या क्रमांकाला व्यास आणि गणपती यांची ती कथा, पाठभेदांसह, जशीच्या तशी छापलेली सापडते.